तबकडीखालची गच्ची

बायको जाऊन सात महिने झाल्यावर टचिंगवाल्यांना कळलं, की ती मोठी संशोधक होती. ही बातमी त्यांच्या मेहुण्याने आणली. सकाळी चपला न काढताच तो आत आला आणि म्हणाला, "भावजी, बसा आधी. बसलात? आता ऐका. ताईने तबकडी पकडलीय."

"कसली तबकडी?"

"उडती."

टचिंगवाले चहा गाळत होते. एका माणसाचा चहा करणं त्यांना सात महिन्यांत जमलं नव्हतं, रोज दीड कप व्हायचा. जास्तीचा अर्धा कप त्यांनी मेहुण्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आधी हे घे. मग पकड काय पकडायचं ते."

मेहुण्याने चहाला हात लावला नाही. त्याने पिशवीतून एक मोठा छापील फोटो काढून टेबलावर पसरला. ताईच्या फोनमधले फोटो काढून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. टचिंगवाल्यांनीच ते दिलं होतं, कारण फोन उघडला की पहिल्यांदा तिच्या आवाजातले निरोप दिसायचे आणि पुढे काही सुचायचं नाही. तर त्या फोनमध्ये, सतरा वेळा काढलेल्या स्वतःच्याच अंगठ्याच्या फोटोंमध्ये, हा एक होता. भरपूर फिकट आभाळ. त्यात उजवीकडे वर एक पांढरी, लंबगोल, चकचकीत वस्तू. तिच्या खाली लालसर रेघोट्या.

"ही लिपी आहे," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "त्यांची."

"कोणाची?"

"भावजी, तुम्ही पण ना!"

हा मेहुणा 'अंतराळ अभ्यागत संशोधन मंडळा'चा चिटणीस होता. मंडळात एकूण अकरा माणसं. अध्यक्ष वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे विश्वातलं काहीही आपण जोखू शकतो अशी त्यांची खात्री होती. वैज्ञानिक सल्लागार फ्रिज दुरुस्त करायचे. चिटणीस सोडून उरलेले आठ जण सभासद, म्हणजे घरी कोणी ऐकून घेत नाही म्हणून तिथे येऊन बोलणारे. मंडळाला सहा वर्षं झाली होती आणि एकही अभ्यागत अजून आला नव्हता. पण पाहुणा आला नाही म्हणून यजमानाने उत्साह सोडावा, असं थोडंच आहे?

"फ्रिजवाल्यांनी वेगही काढलाय," मेहुणा म्हणाला.

"एका फोटोवरून?"

"पुढचा फोटो सहा सेकंदांनी काढलाय. त्यात तबकडी नाही. म्हणजे सहा सेकंदांत दिसेनाशी झाली. हिशोब करा वेगाचा!"

"पुढच्या फोटोत काय आहे?"

"अंगठा," मेहुणा म्हणाला आणि त्याने चहा उचलला.

टचिंगवाले हसणार होते. पण मेहुण्याचे डोळे भरले होते. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच त्याला वाढवलं होतं. त्याचा पहिला दात पडला तेव्हापासून त्याची पहिली नोकरी सुटली तोपर्यंत सगळं तिनेच निस्तरलं होतं. "मंडळाचं पहिलं पुस्तक निघतंय," तो म्हणाला. "मुखपृष्ठावर हा फोटो, खाली ताईचं नाव. तिचं नाव राहील भावजी. फक्त तज्ज्ञाची सही हवी. आणि फोटोतलं तुमच्याएवढं कोणाला कळतं?"

तेवढं मात्र खरं होतं. चाळीस वर्षं टचिंगवाल्यांनी एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे दुरुस्त केले होते, म्हणजे टचिंग केलं होतं. निम्म्या शहराचे मुरुम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांच्या पेन्सिलीने घालवली होती. मिटलेले डोळे उघडले होते, भांडून माहेरी गेलेल्या सुनेला कुटुंबाच्या फोटोतून अलगद काढलं होतं आणि समेट झाल्यावर परत बसवलं होतं. तेव्हा फोटो कुठे खोटं बोलतो हे त्यांना कळणारच. बरंचसं खोटं त्यांनीच बोललेलं होतं.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. मामाने तिलाही फोटो पाठवला होता, आणि मामाने फोटो एकट्या तिलाच पाठवला असता तर तो मामा कसला!

"बाबा, माझ्या शाळेच्या ग्रुपवर आलाय तो फोटो. आईच्या नावासकट. 'तबकडीवाल्या बाई' म्हणतायत तिला. शिपाईसुद्धा मला बघून आभाळाकडे बघतो."

"मामा तुझा खुळा आहे."

"मामा खुळा आहे हे सगळ्यांना माहितीये. आई खुळी नव्हती. आता पुस्तकात छापलं की कायमचं झालं. तुम्ही सांगा ना त्यांना, पतंग आहे की काय ते. तुमचं ऐकतील."

"एका बैठकीत निकाल लावतो," टचिंगवाले म्हणाले. "शब्द देतो तुला. तुझ्या आईचं हसं होऊ देणार नाही."

शब्द द्यायला काय लागतं? शिवाय त्यांना स्वतःलाच ते खपण्यासारखं नव्हतं. त्यांची बायको म्हणजे दोन अधिक दोन चार झाले तरी एकदा पुन्हा मोजून बघणारी बाई. तिने आयुष्यात भूत पाहिलं नाही, हात दाखवून भविष्य विचारलं नाही, दुकानदाराचं 'शेवटचा एकच राहिलाय' कधी मानलं नाही. तिच्या नावावर तबकडी? मेल्यावर माणूस तक्रार करायला येत नाही, म्हणून काहीही चिकटवायचं?

त्यांनी टेबल खिडकीपाशी ओढलं, जुनं भिंग काढलं आणि कामाला बसले.

वस्तू आभाळात नाही हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. उन्हाच्या सावल्या खाली घरांवर उजवीकडे पडल्या होत्या, म्हणजे ऊन डावीकडून येत होतं. तबकडी मात्र सगळ्या बाजूंनी सारखी उजळलेली. तिच्यावर ना ऊन, ना सावली. कडेला आणखी एक फिकट कड, जाड काचेत दिव्याचं प्रतिबिंब दुहेरी पडतं तशी. झालं. काचेच्या आतून काढलेला फोटो, मागे छताला गोल दिवा, त्याचं बिंब काचेवर. परग्रहावरचे अभ्यागत छताला होल्डरने लटकलेले होते.

आता लाल लिपी. टचिंगवाल्यांनी फोटो उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर मागच्या बाजूने धरला. निगेटिव्ह दोन्ही बाजूंनी बघायची ती जुनीच सवय. कागदाच्या पाठीवरून लिपी सरळ झाली आणि त्यांनी ती घडाघडा वाचली. सदतीस.

सदतीस! फ्रिजवाल्यांनी यावर चार पानी टिपण लिहिलं होतं. त्यात 'त्रिकोणी संस्कृती' असा शब्द होता.

ते खूश झाले. सात महिन्यांत पहिल्यांदाच एखाद्या कामात त्यांचं डोकं नीट चाललं होतं. छताला गोल दिवा आणि भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. बँक असेल. मंडळाला दाखवायचं, प्रत्येकाला रांगेत उभं करून एकेक टोकन द्यायचं आणि घरी यायचं. राहिलं एवढंच, की कुठली बँक? त्यासाठी खालची घरं ओळखायला हवी होती.

खालच्या भागाकडे आतापर्यंत कोणीच बघितलं नव्हतं. मेहुण्याने नाही, अध्यक्षांनी नाही, ज्यांच्या फोनवर तो फिरला त्या शेकडो माणसांनी नाही. आभाळात तबकडी असताना जमिनीवर कोण बघतो? आणि खरं तर टचिंगवाल्यांनीही सावल्यांपुरतंच बघितलं होतं.

त्यांनी फोटो उलटा केला. टचिंग करताना चेहरा नेहमी उलटा ठेवायचा असतो. सुलटा ठेवला की नाक नाक दिसतं, ओठ ओठ दिसतात, आणि माणूस ओळखीचा वाटला की हात चुकतो. उलटा ठेवला की नुसते काळे-पांढरे ठिपके. आता घरं वर आली आणि आभाळ खाली गेलं. भिंग सरकत सरकत एका ठिपक्यावर आलं. पाण्याची टाकी. अर्धी पिवळी, अर्धी काळी.

अशी टाकी सबंध शहरात एकच होती. पिवळा रंग मध्येच संपला आणि दुकानदार म्हणाला, ती छटा आता येत नाही. त्यावरून बायकोने त्यांना तीन वर्षं ऐकवलं होतं.

त्यांनी फोटो सुलटा केला. गच्ची त्यांची. दोरी त्यांची. दोरीवर चार शर्ट, खांद्यांना चिमटे लावून टांगलेले. शेजारी डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस, तांदळाच्या दाण्याएवढा.

टचिंगवाले बराच वेळ त्या दाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मंडळाच्या टिपणात फोटोची तारीख बघितली. चौदा महिन्यांपूर्वीचा बुधवार, अकरा वाजून पन्नास मिनिटं. मंडळाने त्या वेळची विमानं तपासली होती आणि अकरा पन्नासला आभाळात काहीच नव्हतं असा दाखला जोडला होता. पण ही वेळच खोटी होती. ती फोनचं घड्याळ वीस मिनिटं पुढे ठेवायची, कुठेही उशीर नको म्हणून. म्हणजे साडेअकरा. टाकीची सावलीही तेच सांगत होती.

त्या बुधवारी ती चष्म्याच्या दुकानात गेली होती. "काडी सैल झालीय, बसवून आणते," म्हणाली. "कपडे मशीनमध्ये झालेत, तेवढे वाळत टाका."

चष्म्याचं दुकान तळमजल्यावर होतं. तिथून कोणाची गच्ची दिसत नाही, आणि काडी बसवायला कोणी सदतिसावा नंबर देत नाही. त्यांच्या गच्चीसमोर, तीन गल्ल्या पलीकडे, एवढी उंच काचेची इमारत एकच होती. चौथ्या मजल्यावर तपासणी केंद्र. तिथे पुढे त्यांना तिच्याबरोबर कितीदा तरी जावं लागलं होतं. पण ते पुढे. चार महिन्यांनी. तेव्हा ती जेवता जेवता म्हणाली होती, "जरा पोटात दुखतंय. दाखवून येऊ या का?" जणू तिलाही ते आदल्याच दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. चाळीस वर्षांचा कारागीर नुसत्या अंदाजावर सही करत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. चौथ्या मजल्यावर रखवालदाराने विचारलं, "पेशंट कुठाय काका?"

"येऊन गेला."

"मग तुम्ही?"

"मला उशीर झाला," टचिंगवाले म्हणाले आणि आत जाऊन बसले.

छताला गोल दिवा होता. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी होती. आत ते पूर्वी कितीदा बसले होते, पण तेव्हा त्यांचं लक्ष फक्त दाराकडे असायचं. आता ते एकेक खुर्ची बदलत गेले. समोरच्या बाई आपली पर्स दुसऱ्या हाताला घेऊन बसल्या. खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर काचेतला दिवा बरोबर जागेवर आला, आणि त्याच्या खाली, दूर, अर्धी पिवळी टाकी.

फोटो काढताना माणूस मध्ये घ्यायचा असतो, हे तिला आयुष्यभर जमलं नाही. "अगं, फोटोवाल्याची बायको तू! तीन हिस्से आभाळ आणि पायाशी माणसं!" ते किती चिडायचे. ती म्हणायची, "माणसं आली ना? मग झालं." तर हाही तसाच होता. सदतिसावा नंबर लागायची वाट बघत ती इथे एकटी बसली होती. खिडकीतून नवरा दिसला, शर्ट चुकीचे टांगताना, आणि तिने त्याचा फोटो काढला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली होती, "शर्ट खालच्या बाजूने टांगायचे असतात. खांदे ताणतात." तेव्हा शर्ट घडी होऊन कपाटात गेले होते. हिला कसं कळलं, याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं. तिला सगळंच कळायचं.

त्यांना तिचा राग आला. चांगला सणसणीत आला. चार महिने! चार महिने रोज एका ताटाशेजारी दुसरं ताट, आणि ही बाई मला शर्ट कसे टांगायचे ते शिकवत होती? मला दुबळा समजलीस का? आणि मग, त्या चार महिन्यांत आपण काय केलं असतं याचा त्यांनी विचार केला. रोज रडलो असतो. तिला माझंही करावं लागलं असतं.

"काका, टोकन घेतलंत का?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नको. माझं काम झालं."

मंडळाची बैठक रविवारी सकाळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात होती. अकराच्या अकरा हजर. मेहुण्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टचिंगवाले येताना ठरवून आले होते, की 'दिव्याचं प्रतिबिंब आहे' एवढंच सांगायचं आणि सुटायचं. कुठला दिवा ते सांगायचं नाही.

"तज्ज्ञांनी आपलं मत द्यावं," अध्यक्ष म्हणाले आणि एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. 'ओळख पटली' आणि 'ओळख पटली नाही'. "पण आधी नियम सात वाचा."

मेहुण्याने वाचला. "वस्तूची ओळख पटली असे म्हणणाऱ्याने ती वस्तू मंडळास प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवावी. जागा, वेळ व छायाचित्र काढणाऱ्याचे तेथे असण्याचे कारण अहवालात छापले जाईल."

"हा नियम का केला सांगतो," फ्रिजवाले म्हणाले. "मागे एकाने सांगितलं पतंग आहे. म्हटलं, दाखव. सगळे गेलो झाडावर."

"अकरा जण?"

"नऊ. दोघं खाली शिडी धरून होते."

"आणि होता का पतंग?"

"होता," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले. "पण तोच होता कशावरून?"

टचिंगवाल्यांनी पेन हातात घेतलं. पहिल्या चौकोनात खूण केली, तर ही अकरा माणसं पायात बूट घालून त्या चौथ्या मजल्यावर जाणार होती. तिसऱ्या खुर्चीवर आळीपाळीने बसून बघणार होती. 'तिथे असण्याचे कारण' छापलं जाणार होतं. मुलीला कळणार होतं, की आईला चार महिने आधीपासून माहीत होतं आणि ती रोज फोनवर 'मी मजेत' म्हणत होती. या भावाला कळणार होतं, की ताईने सगळं निस्तरलं पण हे एक त्याच्यापर्यंत येऊ दिलं नाही. जे तिने नवऱ्याला सांगितलं नाही ते परिशिष्ट म्हणून पुस्तकात येणार होतं.

आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली, तर ती तबकडीवाली बाई. कायमची.

"बोला भावजी," मेहुणा म्हणाला. "ताईला काहीतरी दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," टचिंगवाले म्हणाले. "त्याच्यासाठीच तिने फोटो काढला."

"काय दिसलं होतं?"

"मी चाळीस वर्षं फोटो बघतोय." त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. "मला ओळखता आलं नाही."

हे शेवटचं वाक्य त्या सबंध खोलीत सहा वर्षांत बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य होतं, पण ते तबकडीबद्दल नव्हतं हे तिथे कोणाला कळणार? टाळ्या पडल्या. फ्रिजवाल्यांनी मिठी मारली. अध्यक्षांनी 'ऐतिहासिक' हा शब्द तीनदा वापरला. मेहुणा तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते.

"मुखपृष्ठासाठी एक करा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचाच हात चांगला आहे. खालची ती घरंबिरं काढून टाका. नुसत्या गच्च्या. त्यांनी तबकडीची शोभा जाते."

"बरोबर आहे," टचिंगवाले म्हणाले. "तिथे बघण्यासारखं काही नाही."

त्यांनी पट्टी मागितली, कटर मागितलं आणि एका रेषेत फोटोचा खालचा भाग कापला. वरचं आभाळ मंडळाला दिलं. खालची चार बोटं रुंद पट्टी त्यांनी रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे तबकडी बघत होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मामाने अर्थातच सगळ्यांना कळवलं होतं.

"बाबा, तुम्ही सही केलीत? तुम्ही?"

"केली."

"तुम्ही शब्द दिला होतात मला!"

"दिला होता."

"आता ते तुम्हालाही हसतील. मामाच्या पंक्तीला बसवतील तुम्हाला."

"बसू दे. मामाला सोबत होईल."

तिने नाक ओढलं. रडत असावी किंवा चिडली असावी. हल्ली दोन्हींचा आवाज सारखाच यायचा. मग म्हणाली, "आई असती ना, तर तुम्हाला काय म्हणाली असती?"

टचिंगवाल्यांनी रुमाल उघडून पट्टी टेबलावर ठेवली होती. भिंग काही त्यांनी घेतलं नव्हतं. दाणा कुठे आहे ते आता नुसत्या डोळ्यांनी सापडायचं.

"काही म्हणाली नसती," ते म्हणाले. "गप्प बसण्यात तुझ्या आईचा हात कोणी धरू शकलं नाही. मी आत्ता कुठे शिकतोय."